प्रश्न गाळून

टायपिस्टबाईंच्या हातचं निवेदन म्हणजे वाचायला एकदम सुरेख. बालचौकशी कार्यालयात हे सगळ्यांना मान्य होतं, आणि बाईंना स्वतःला तर जरा जास्तच मान्य होतं. बावीस वर्षं त्या एकाच खुर्चीत, एकाच खिडकीकडे पाठ करून बसत आल्या होत्या. कानाला हेडफोन, समोर पडदा आणि उजव्या पायाखाली पेडल. चवडा दाबला की रेकॉर्डिंग पुढे जायचं, टाच दाबली की मागे. मुलांचे आवाज कानांतून आत शिरायचे आणि बोटांतून टापटीप होऊन बाहेर पडायचे.

कामाची रीत साधी होती. बाजूच्या खोलीत मुलाला प्रश्न विचारले जायचे, सगळं रेकॉर्ड व्हायचं, मग बाईंनी प्रश्न गाळायचे, उत्तरं जोडायची आणि 'मी अमुक, मला तमुक' असं सलग पानभर निवेदन तयार करायचं. 'हं', 'नाही', 'माहीत नाही', 'शू लागली' हा सगळा गाळ. तो काढून टाकायचा. वरच्या लोकांना वेळ नसतो, त्यांना एका पानात गोष्ट हवी असते. साहेब म्हणायचे, "बाई, तुमचं वाचलं की प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो." बाई म्हणायच्या, "काहीतरीच काय, साहेब," आणि संध्याकाळपर्यंत खुशीत असायच्या.

त्या सोमवारी पाळणाघराच्या फाइलमधलं दुसरं रेकॉर्डिंग आलं. प्रकरण चार महिन्यांपूर्वीचं. चार वर्षांची एक मुलगी, तिला घरीदारी पिटुकली म्हणत, तिचा उजवा हात कोपरातून निखळला होता. डॉक्टरांनी एका झटक्यात बसवला आणि विचारलं, कुणी ओढला होता का. आईने पाळणाघरातल्या मावशीचं नाव घेतलं. त्याच आठवड्यात मावशीला घरी बसवलं. आता गुरुवारी तीन जणांच्या समितीपुढे सुनावणी होती. दोषी ठरली तर प्रकरण पोलिसांकडे जाणार, आणि शिवाय उभ्या आयुष्यात तिला कुणी मूल सांभाळायला देणार नाही. सव्वीस वर्षं मावशीने दुसरं काही केलेलंच नव्हतं.

निवेदन केव्हाच फाइलला लागलं होतं. एक प्रत आईवडिलांना, एक समितीला. हे दुसरं रेकॉर्डिंग म्हणजे नुसती पडताळणी होती, मूल आपल्या शब्दांवर ठाम आहे ना, एवढं बघायचं. दहा मिनिटांचं काम. बाईंनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि चवडा दाबला.

प्रश्न विचारणाऱ्या मॅडमना सगळं ऑफिस साखरमॅडम म्हणायचं. आवाज असा की ऐकणाऱ्याच्या दातांना मुंग्या याव्यात. टेबलावर टॉफ्यांची काचेची बरणी. "सांग बरं राणी, काय झालं होतं तुझ्या हाताला?"

पोरीने एका दमात सांगून टाकलं. "मावशीने माझा उजवा हात धरून जोरात पिरगळला. त्यानंतर माझ्या हाताला अशह्य वेदना झाल्या व मी आक्रोश केला."

बाईंनी टाच दाबली. परत ऐकलं. परत टाच दाबली.

आता सांगा, चार वर्षांचं पोर कधी 'व' म्हणतं का? आणि 'आक्रोश'? त्या वयात मुलं रडतात, भोकाड पसरतात, फार तर किंचाळतात. आक्रोश हा टायपिस्टबाईंचा आवडता शब्द होता. गेल्या दोन वर्षांत त्यांनी तो निदान तीस निवेदनांत घातला असेल. कारण 'रडलो' लिहिलं की वाक्य कसं पडल्यासारखं वाटतं.

"शाब्बास," साखरमॅडम म्हणाल्या. "किती छान आठवतं गं तुला." बरणीचं झाकण वाजलं. मागून आईचा आवाज आला, "रोज झोपताना वाचून दाखवते, मॅडम. मध्यंतरी विसरायला लागली होती ना."

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्याच्या कानांवरच्या मऊ उशा त्यांच्याच घामाने चिकट झाल्या होत्या. चहावर साय आली होती. त्या उठल्या, बेसिनपर्यंत गेल्या आणि नळ सोडून नुसत्याच उभ्या राहिल्या. आपलं वाक्य पोरीच्या तोंडात होतं. दुसऱ्याने चघळलेलं काहीतरी उचलून तिच्या तोंडात घालावं, तसं. आणि चघळणाऱ्या आपणच.

नियमाप्रमाणे निवेदनावर सही झाली की मूळ रेकॉर्डिंग पुसायचं असतं. बाई पुसत नसत. काही तत्त्व वगैरे नव्हतं हो, निव्वळ कंटाळा. वर्षअखेरीला एकदम पुसू म्हणून सगळं तसंच पडलेलं असायचं. त्यांनी मार्चचं पहिलं रेकॉर्डिंग शोधून काढलं, दार लावून घेतलं आणि या वेळी काहीही न गाळता टाइप करायला घेतलं. प्रश्नसुद्धा, झाकणसुद्धा.

"हात कसा दुखला, राणी?"

"बाबानी विमान केलं. हात धरून गोल गोल. मग टक झालं."

"हो का? मज्जा. आता मावशीचं सांग."

"मावशी गाणं म्हणते. खेळण्यांच्या कपाटाला लुकूप लावते."

"मावशीने हात पिरगळला ना तुझा?"

"नाही."

"आई तर म्हणाली पिरगळला म्हणून. आई खोटं बोलते का?"

"नाही."

झाकण उघडल्याचा आवाज. "सांगितलंस की टॉफी. मग घरी जायचं. पिरगळला ना?"

"नाही. मला शू लागलीय."

"झालंच हं आपलं. जरासंच राहिलंय."

असं पंचवीस मिनिटं. बाईंनी 'नाही' मोजले, अकरा भरले. बाराव्या वेळी साखरमॅडमनी प्रश्नच बदलला. "असा पिरगळला की असा?" मग बराच वेळ नुसता टॉफीच्या कागदाचा चुरचुर आवाज. मग अगदी बारीक, दमलेलं, "असा."

"दुखलं ना खूप?"

"हं."

त्या एवढ्याशा 'हं'च्या असह्य वेदना झाल्या होत्या. कपाटाचं लुकूप बाईंनी सुधारून घेतलं होतं आणि लिहिलं होतं, 'मावशी कुलूप लावते.' कपाट गाळलं होतं. वाचणाऱ्याला वाटावं, पोरीलाच कोंडून घालत होती. आणि पहिल्याच मिनिटाला पोरीने कुणी न सुचवता, आपण होऊन जे खरं ते सांगून टाकलं होतं, ते बाईंनी याच कानांनी ऐकलं होतं आणि गाळलं होतं. का, तर मावशीच्या निवेदनात बाबाचं विमान कुठे बसवणार? त्या दिवशीचं त्यांना आठवत होतं ते एवढंच, की 'तीव्र वेदना' घालावं की 'असह्य', यावर त्या पाच मिनिटं अडल्या होत्या.

त्यांना स्वतःची शिसारी आली. साधा राग आला असता तर बरं झालं असतं, राग दुसऱ्यावर काढता येतो.

दुसऱ्यावर काढायचाही प्रयत्न त्यांनी केला. सात पानांचा मजकूर घेऊन त्या साखरमॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडम बरणीत नव्या टॉफ्या भरत होत्या. खोलीला गोडसर, कोंदट वास होता आणि टेबलाच्या कडेला लहान बोटांचे चिकट ठसे वाळून काळे पडले होते.

"पोर अकरा वेळा नाही म्हणालं, मॅडम."

"मुलं घाबरतात हो," मॅडम खरंच कळवळून म्हणाल्या. "त्यांना मदत करावी लागते. ही एक घ्या ना, संत्र्याची आहे."

एखादी दुष्ट बाई असती तर तिच्या तोंडावर कागद फेकून येता आलं असतं. पण ही पुढे केलेली टॉफी. टायपिस्टबाई बाहेर आल्या आणि साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

साहेबांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला. "हे निवेदन नाही, बाई. हे नाटक झालं. नमुन्यात बसत नाही."

"जे झालं तेच आहे."

"असेल. पण गुरुवारी हे बाहेर काढलंत, तर पुढे काय?" त्यांनी आवाज खाली आणला. "या एका फाइलचं ठीक आहे. बावीस वर्षांच्या फाइली आहेत तुमच्या हातच्या. त्या कोण उघडणार? तुमची पेन्शन दोन वर्षांवर आली. कशाला नसती भानगड? रेकॉर्डिंग नियमाने पुसायला हवं होतं, ते आज पुसा."

साहेबांचं बोलणं घाण होतं, पण बेसिनपाशी उभं असताना हाच विचार आधी त्यांच्या स्वतःच्या मनात येऊन गेला होता. अगदी याच शब्दांत, पेन्शनसकट. त्या म्हणाल्या, "बघते." साहेबांना वाटलं, पटलं बाईंना.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. घरी सून म्हणाली, "आई, डॉक्टरकडे जाऊन या." नातू शाळेतून आला आणि त्याने पाण्याची बाटली हरवल्याचं सांगितलं, तेव्हा बाईंच्या तोंडून निघालं, "बसमध्ये विसरलास ना?" पोरगा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हो, बसमध्ये." बाटली नंतर दप्तराच्या तळाशी सापडली. बाई उठून आतल्या खोलीत जाऊन बसल्या.

गुरुवारी समितीची खोली गच्च होती. एका बाजूला आईवडील, दुसऱ्या बाजूला मावशी, मांडीवर पिशवी घट्ट धरून. थोराड अंगाची, इस्त्रीची साडी नेसलेली बाई. पिटुकली बाहेर शिपायाजवळ चित्रं काढत होती. अध्यक्षबाईंनी निवेदन मोठ्याने वाचायला घेतलं. 'आक्रोश'पर्यंत आल्या तेव्हा टायपिस्टबाई उभ्या राहिल्या. त्यांना बोलायला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"हे तिचं नाही," त्या म्हणाल्या. "ही वाक्यं माझी आहेत. तिचं ऐकायचं असेल तर माझ्याजवळ आहे."

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. अध्यक्षबाईंनी मात्र हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "लावा."

पंचवीस मिनिटं खोलीत कुणी हललं नाही. 'बाबानी विमान केलं' ऐकल्यावर सगळ्यांच्या माना वडिलांकडे वळल्या. ते आपल्या बुटांकडे बघत होते. "विमान तर आम्ही रोजच करतो," ते म्हणाले. "त्या दिवशी रडली थोडी. मग झोपली. माझ्या लक्षातच आलं नाही." खरं की खोटं, त्यांचं त्यांना ठाऊक. दुसऱ्याच्या मनातलं लिहून काढायची टायपिस्टबाईंची हौस फिटली होती. आई रडायला लागली. साखरमॅडम बारीक आवाजात म्हणत राहिल्या, "मी तर मदत करत होते." कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

आरोप सिद्ध होत नाही, मावशीला कामावर घ्यावं. तासाभरात निकाल लिहून झाला. टायपिस्टबाईंवर वेगळी चौकशी लागेल, हेही साहेबांनी जाता जाता कानावर घातलं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. उलट चार दिवसांत पहिल्यांदा काहीतरी निस्तरलं असं वाटून त्या मावशीबरोबर बाहेर आल्या. मावशीने त्यांचा हात धरला होता आणि ती सारखी म्हणत होती, "तुमच्यामुळे झालं हो."

बाहेरच्या बाकावर पिटुकली खडू घेऊन बसली होती. मावशीला राहवलं नाही. ती पिशवी खाली ठेवून गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात पुढे केले. "पिटुकले, इकडे ये गं."

पोरीच्या हातातला खडू पडला. ती बाकावरून उतरून भिंतीला चिकटली, डाव्या हाताने तिने उजवं कोपर गच्च धरलं. डोळ्यांत खरं पाणी होतं. तिला आता कुणी विचारत नव्हतं, टॉफी देत नव्हतं.

"मावशीने माझा हात पिरगळला," ती म्हणाली. "माझ्या हाताला अशह्य वेदना झाल्या." आणि तिने इतका मोठा गळा काढला की आतून आई धावत आली आणि तिला उचलून घेऊन जिन्याने खाली गेली.

मावशी तशीच बसून होती, हात पुढे केलेले. मग टायपिस्टबाईंचा हात धरून उठली. त्यांच्याकडे बघून तिने विचारलं, आणि विचारताना तिच्या आवाजात जुन्या सवयीचं थोडं कौतुकही होतं, "मी दोन वर्षं घोकून घेतलं, तरी कुलपाला लुकूपच म्हणायची. एवढा अवघड शब्द कुणी शिकवला हो तिला?"

"मी," टायपिस्टबाई म्हणाल्या.

मावशीने आपला हात त्यांच्यापासून लांब घेतला, पिशवी उचलली आणि दुसऱ्या जिन्याने निघून गेली.