भट्टीवर वाळवलेला चुंबक

मी एक जुना चुंबक आहे, मित्रांनो. मुरुडच्या एका डाळमिलमध्ये तूर ज्या पत्र्यावरून घसरत यंत्रात पडते, तिथे माझी जागा. तुरीतले खिळे अन् तारा ओढून घेणे हे माझे काम. माणसे मला लोखंडाचा तुकडा समजतात. असो, माणसे एकमेकांनाही काहीबाही समजतात.

माझ्यात लोखंडासोबत निओडिमियम नावाचा दुर्मिळ धातू आणि किंचित बोरॉन आहे. पण एवढ्याने चुंबक होत नाही. धातू वितळवून पिठाहून बारीक दळला, तोही हवा लागू न देता, नाहीतर भुकटी पेटली असती. मग प्रत्येक कणाचे तोंड एकाच दिशेला वळवून वडी दाबली आणि भट्टीत भाजली. आच कमी पडली तर वडी पोकळ राहते, जास्त झाली तर कण फुगतात आणि जोर घटतो. माझी आच नेमकी बसली. वर निकेलचा मुलामा चढला, शेवटी चुंबकी झटका देऊन मला जागे केले. मी लोखंड धरले की सोडवणाऱ्याला घाम फुटायचा.

खंडेनवमीला मालक महादेवप्पांनी अवजारांची पूजा मांडली. तुरीला तेल चोळतात, त्यामुळे मी तेलकट. "देवापुढं असलं चिकट ठेवू का?" म्हणत त्यांनी मला धुतले आणि वाळायला डाळ सुकवायच्या भट्टीच्या तापल्या पत्र्यावर ठेवले. मग विभूतीचे पट्टे ओढले. माझा निम्मा जोर तोवर गेला होता. पट्टे मात्र सुरेख होते. शेजारचा माझा जोडीदार चुंबक जागचा निघालाच नाही, म्हणून त्याची पूजा बसल्या जागी झाली.

काही दिवसांनी गिऱ्हाइकाच्या डाळीत खिळा निघाला.

"लिंबाजी, चुंबकाला चिकटलेलं लोखंड पुसत न्हाईस तू," मालक आपल्या जुन्या कामगाराला म्हणाले. "उद्यापासून येऊ नको."

"मालक, रोज पुसून राहिलो की."

"मग खिळा काय उडून आला?"

लिंबाजीने फडके खांद्यावर टाकले आणि तो फाटकाकडे निघाला. मी सगळे जाणत होतो, पण मला तोंड नाही.

मालकांची सून ऋतुजा हे ऐकत होती. तिने मला पाना लावला. तो घसरून पडला. जोडीदाराला लावलेला पाना तिला दोन्ही हातांनी ओढावा लागला.

"मामा, दोन्ही पुसणारा एकच. मग ह्याचाच जोर कसा गेला? ह्याला येगळं काय केलंत?"

"पूजा केली."

"अन् पूजेआधी?"

"धुतला. भट्टीवर वाळवला."

"चुंबक लई तापला की त्याचा जोर जातो, मामा."

मालकांनी पाना उचलून स्वतः लावून बघितला. पुन्हा लावला. मग फाटकाकडे तोंड करून हाक दिली, "लिंबाजी, माघारी ये. तो खिळा माझाच हाय."

लिंबाजी आला, पण सावकाश. "येतो, मालक. पण फुडल्या खंडेनवमीला चुंबक मी वाळवणार. सावलीत."

मला हैदराबादला नेऊन पुन्हा चुंबकी झटका दिला. आतले कण शाबूत होते, म्हणून सगळा जोर परत आला. मित्रांनो, माझी पूजा खुशाल करा, फक्त आचेपासून लांब ठेवा. आणि खिळा निघाला तर माणसाला घालवण्याआधी मला एकदा पाना लावून बघा.