सासूबाईंचं व्हेअरॲज

मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. त्या दिवशी ‘व्हेअरॲज’, म्हणजे ‘याउलट’, शिकवलं आणि स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. एक गोष्ट अशी, व्हेअरॲज दुसरी तशी, इतकं सोपं. फक्त वाक्य खरं हवं. माझ्या वर्गात थापा चालत नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्गातला शिंपी नवा शर्ट घालून आला. डावी बाही मनगटापर्यंत, उजवी कोपराच्याही वर.

"दोन्ही सारख्या शिवल्या असत्या तर वाक्य कुठून आणलं असतं, मॅडम?"

न्हाव्याने अर्धी मिशी उडवली होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या बाकावरच्या टॅक्सीवाल्याचे एकाच बाजूचे दात चकचकीत केले होते, आणि तो ते सगळ्यांना हौसेने दाखवत होता. मी कपाळाला हात लावला. पण वाक्यं बिनचूक होती, गुण द्यावेच लागले.

खरी धास्ती पहिल्या बाकावर बसली होती. सासूबाई. वर्गात मला ‘मॅडम’ म्हणतात, घरी ‘अगं ए’. मोठे दीर-जाऊ नव्या घरी राहायला निघाले होते. सासूबाई त्यांच्याबरोबर जाणार की आमच्याकडे राहणार, ते काही केल्या सांगत नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, "तोंडी परीक्षेत सांगेन." मला त्या हव्या होत्या. नवऱ्याशी भांडणं म्हणजे भिंतीशी भांडणं. मग मी भांडू कुणाशी?

त्यांची तयारी जोरात सुरू झाली. जाऊबाईंचा आणि माझा चहा शेजारी ठेवून त्या आळीपाळीने घोट घेत. आम्हा दोघींना खिडकीत उभं करून निरखत. मी उलट उत्तरांना कुलूप घातलं, वर बोलण्यात साखर पेरत राहिले. जाऊबाई घाबरून म्हणाल्या, "बरं नाही का गं तुला?"

परीक्षेच्या दिवशी सासूबाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत सुरू झाल्या. मोठीचा चहा फक्कड, व्हेअरॲज धाकटीचा पाणचट. मोठी ऐकते, व्हेअरॲज धाकटी उलट बोलते. मोठीच्या नव्या घरी लिफ्ट, व्हेअरॲज धाकटीकडे जिना, आणि तोही मोडका.

शिंप्याने लांब बाहीने डोळे पुसले. माझ्या हातातला खडू तुटला. एक चूक सापडेल तर शपथ.

"शेवटचं वाक्य," मी कशीबशी म्हणाले.

"मोठी शिकून तयार झाली," त्या म्हणाल्या, "व्हेअरॲज धाकटीवर अजून पुष्कळ काम बाकी आहे. सबब, मी इथेच राहणार."

मला इतका राग आला आणि इतका आनंद झाला की पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. जागेवर बसता बसता त्यांनी इंग्रजी सोडलं.

"अगं ए, आणि ते गोड बोलणं आजपासून बंद कर. जीव घाबरा होतो माझा."