सतरा जोड चपला

दीनानाथ कर्णिक बावीस वर्षांपूर्वी पुण्याहून परदेशात, माउंट वेलिंग्टन नावाच्या उपनगरात आले. गेली तीन वर्षं त्यांना एकच काळजी होती: या देशात बाहेरून फार लोक यायला लागलेत. आपणही बाहेरूनच आलो हे ते विसरले होते असं नाही. पण त्यांचं येणं वेगळं होतं. कसं वेगळं, हे विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याला ते आपल्या पहिल्या हिवाळ्यापासून सुरुवात करून तासभर ऐकवत.

गल्लीतल्या गोऱ्या रहिवाशांनी शेजार-सुरक्षा समिती काढली आणि तिच्यात दीनानाथांना घेतलं. अध्यक्ष ब्रूस त्यांना 'डिनो' म्हणे. आईबापांनी ठेवलेल्या नावाचं असं मातेरं झालं तरी हा गृहस्थ खुलायचा.

समितीला समोरच्या भाड्याच्या घराचा संशय होता. तिथे अनुराधा राहायची. वर्षापूर्वी नागपूरहून आलेली, वृद्धाश्रमात काम करणारी. तिचा व्हिसा त्या एका नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की सामान आवरायचं. त्या घरात किती माणसं जमतात ते पडद्यांमुळे समितीला कळेना. तेव्हा दीनानाथांनी आपलं ज्ञान देशसेवेला वाहिलं.

"सिम्पल आहे, ब्रूस. आमची माणसं चपला दाराबाहेर काढतात. चपला मोजायच्या."

रविवारी दुपारी त्यांनी कचऱ्याची बिन चार वेळा बाहेर नेली आणि चार वेळा आत आणली. सतरा जोड भरले. फोटो काढून त्यांनी समितीला मेल केली: 'रॅडिकल लोकांची गुप्त सभा. आतून घोषणा ऐकू आल्या.' घोषणा म्हणजे आत कुणीतरी चहात साखर किती, असं ओरडून विचारत होतं. ब्रूसचं उत्तर लगेच आलं. शाब्बास, डिनो. वृद्धाश्रमाचे मालक माझ्या ओळखीचे आहेत. सभा बोलावणाऱ्याचं नाव कळव, उद्याच त्यांना देतो.

संध्याकाळी दीनानाथांनी तो फोटो आणि ब्रूसचं उत्तर मोठ्या कौतुकाने बायकोला दाखवलं. नीता त्याच वृद्धाश्रमात सीनियर नर्स होती.

"तिसऱ्या ओळीतल्या कोल्हापुरी बघा," ती म्हणाली. "माझ्या आहेत."

"तू तर मॉलला गेली होतीस!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ब्रूसला सांगितलं असतं. अहो, पोरींना डबल शिफ्ट करायला लावतात, मधे ब्रेकसुद्धा देत नाहीत. युनियन जॉइन कशी करायची, एवढंच बोलत होतो. आता अनुराधाचं नाव गेलं, तर तिचा जॉब गेलाच समजा. ती मेल मागे घ्या."

दीनानाथांनी तासभर विचार केला. मग लिहिलं: 'दुरुस्ती. जोड सतरा नसून सोळा. एक जोड सभ्य घरातला आहे.'

ते वाचून नीताचं डोकं फिरलं. लाजही वाटली, स्वतःचीच जास्त. इतकी वर्षं नवऱ्याचं हे खूळ तिने हसण्यावारी नेलं होतं. तिने आपल्या फोनवरून ब्रूसला लिहिलं: सभा मी बोलावली होती. पुढचीही मीच बोलावणार, आमच्या घरी. मी या देशाची नागरिक आहे. आणि जोड सतराच.

"अगं, मला कमिटीतून काढतील!"

"काढू देत."

अनुराधाची नोकरी वाचली. नागरिक असलेल्या सीनियर नर्सला हात लावायची मालकांची छाती झाली नाही. डिनोच्या नावे मात्र समितीचं पत्र आलं: आपलं सदस्यत्व रद्द करण्यात येत आहे, तसंच आपल्या घरी किती माणसं राहतात आणि कोण कुठल्या व्हिसावर आहे, ते त्वरित कळवावं.

हे विचारायचा समितीला काडीचा अधिकार नव्हता. "केराच्या टोपलीत टाका ते," नीता म्हणाली.

दीनानाथांनी मान डोलावली. ती ड्यूटीवर गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं, दोन्ही मुलांचे धरून घरातल्या चारही पासपोर्टांचे फोटो काढले, सरळ आलेत ना ते दोनदा तपासलं, आणि समितीला पाठवून दिले.