महजबीनच्या गाण्याची फीत

मित्रांनो, मी एका जुन्या बोलपटाची फीत आहे. अख्ख्या बोलपटाची नव्हे, त्यातल्या एका गाण्याची. जालन्याकडच्या परतूरची माणसं मला रीळ म्हणतात. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखी वस्तू कधी पाहिली नसेल, म्हणून आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. माझं अंग कापसापासून आणि कापरापासून बनलेलं आहे. त्यामुळे मी नितळ आहे, पण उन्हाला आणि आगीला फार भिते. माझ्यावर ओळीनं छोटी छोटी चित्रं आहेत आणि एका कडेला करड्या रेघांची बारीक पट्टी आहे. त्या पट्टीत आवाज असतो. चित्रपट नुकता कुठे बोलायला लागला होता, तेव्हाची मी. त्या पट्टीचं तेव्हा केवढं कौतुक होतं!

माझ्यावरचं गाणं महजबीन नावाच्या मुलीनं गायलं. ती निजामाच्या मुलखातली, अठरा-एकोणीस वर्षांची. त्या काळी गाणं आधी ध्वनिमुद्रित करून ठेवायची सोय नव्हती. जो पडद्यावर दिसेल त्यानंच उभं राहून गायचं. रंगवलेल्या बागेत तिला उभं केलं आणि पेटीवाला व तबलजी खोट्या झुडपामागे बसवले. ते चित्रात दिसत नाहीत, पण त्यांची साथ माझ्या कडेवर उमटली. एका दमात गाणं पूर्ण झालं. तिनं पुन्हा कधी बोलपटात काम केलं नाही. परतूरला कापडं रंगवणाऱ्या मुझफ्फरशी तिचं लग्न झालं.

मी मात्र फिरत राहिले. रामकिसन नावाच्या माणसाचा तंबूचा सिनेमा होता. बैलगाडीत यंत्र आणि आमचे डबे घालून तो गावोगाव जायचा. जाफराबादच्या बाजारात तंबू पडला की लोक घोंगड्या घेऊन यायचे. माझी पाळी आली की तंबू गप्प व्हायचा. गाणं संपलं की माणसं ओरडून ते परत मागायची आणि रामकिसन मला पुन्हा गुंडाळून यंत्रावर चढवायचा. मित्रांनो, तेव्हा मला वाटायचं, हे असंच चालत राहील.

एकदा तंबू परतूरला पडणार होता. आदल्या दिवशी मुझफ्फर रामकिसनकडे आला. त्याच्या हातांना निळा रंग लागलेला होता.

"रामकिसनभाऊ, तुमचा खेळ सारीकडं चालू द्या," तो म्हणाला. "पर ते गाणं परतूरात नको. तिला इथं लोकांत ऱ्हायचं हाय. कुनी तिच्याकडं बोट दाखवावं, हे मला सोसनार न्हाई."

रामकिसननं डबा बाजूला काढला. नंतर बाहेरगावीसुद्धा त्यानं मला लावलं नाही, कारण बाजाराला येणारी माणसं बातमी कुठल्या कुठे नेतात. पुढे तंबू बंद पडला. रीळ विरघळवून त्यातली चांदी काढणारा एक व्यापारी आला आणि माझी सगळी भावंडं घेऊन गेला. मी तेवढी मागे राहिले.

"ह्ये न्हाई द्यायचं," रामकिसन त्याला म्हणाला. "हे त्या बाईचं हाय. मी कोन इकनार?"

असा माझा जीव वाचला आणि मी रामकिसनच्या परतूरच्या घरामागे पत्र्याच्या खोलीत फळीवर पडले. रामकिसन गेला. महजबीन आणि मुझफ्फरही गेले, हे मला खोलीबाहेरच्या बोलण्यातून कळलं. दर उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि माझे वेढे एकमेकांना चिकटत जायचे. माझ्यात गाणं होतं, पण मला चालवणारं कुणी नसेल तर मी एक अक्षरही बोलू शकत नाही. माझी जातच तशी.

मग एका मे महिन्यात रामकिसनचा मुलगा बद्रीनाथ ती खोली आवरायला आला. तोही आता म्हातारा आहे. त्यानं झाकण उघडलं आणि वासानं मागे सरला. पण हे महजबीनचं आहे, हे वडिलांनी सांगितलेलं त्याच्या ध्यानात होतं. त्यानं ताबडतोब महजबीनच्या मुलीला, ताहेराला बोलावून आणलं आणि तिच्या अब्बानं हे गाणं परतूरात लावू दिलं नव्हतं, हेही सांगितलं. ऐंशीच्या घरातली ती बाई काठी टेकत आली आणि डब्यात वाकून पाहत राहिली.

"शादीब्याहात बाया कुजबुजायच्या, हिची अम्मा सिनेमात गायली म्हनून," ती म्हणाली. "मी अम्माला इचारलं तर ती उठून चुलीकडं जायची. घरात कधी गुनगुनली बी न्हाई. बद्रीभाऊ, ह्याच्यात तिचा आवाज हाय का?"

"हाय ना, आपा. माझी पुतनी तृप्ती मुंबईला हेच काम करती, जुने सिनेमे दुरुस्त करायचं. तिला फोन केलाय. परवा यिऊन राह्यली."

ताहेरा गेली आणि बद्रीनाथनं मला हात लावून पाहिला. मी ओलसर, चिकट झाले होते. त्याला माझी कीव आली. घरात डाळीला कीड लागू नये म्हणून ऊन दाखवतात, तसं त्यानं मला अंगणात, उघड्या डब्यात ठेवलं.

मी डब्यात आडवी होते आणि आवाजाची कड वर होती.

मित्रांनो, ती दुपार कशी सांगू? जालन्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला ठाऊक असेल. कड आधी फुगली, मग तडकली, मग तिची तपकिरी भुकटी होऊ लागली. दोन पावलांवर बद्रीनाथ सावलीत बसून माझ्याकडे मायेनं पाहत होता. मला ओरडता आलं असतं तर! संध्याकाळी त्यानं मला पुन्हा झाकून ठेवलं. आपण चांगलं काम केलं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

तृप्ती आली. तिनं झाकण उघडलं आणि तपकिरी भुकटी बोटावर घेऊन पाहिली.

"काका, उन्हात ठेवली होती का?"

"वली झाल्ती गं. वाळवली."

तृप्तीनं झाकण परत लावलं. मला बर्फाच्या पेटीत घालून ती गाडीनं मुंबईला घेऊन गेली. तिथं तिनं एकेक वेढा पातळ पात्यानं सोडवला. काही वेढे तिच्या हातातच भुगा झाले. ती भुगा बाजूला करून पुढचा वेढा हातात घ्यायची. उरलं त्याची तिनं नवी प्रत केली.

ती पाहायला बद्रीनाथ आणि ताहेरा परतूरहून रेल्वेनं मुंबईला आले. मी शेजारच्या टेबलावर ताटलीत पडून होते. पडद्यावर बाग उजळली. महजबीन आली, हसली आणि गाऊ लागली. तिचे ओठ हलत होते, हात सुरावर फिरत होते. खोलीत कसलाही आवाज नव्हता.

"खाला, आवाजाची कड गेली," तृप्ती म्हणाली. "अगदी सुरुवातीचा तुकडा तेवढा वाचलाय. लावू?"

तिनं तो लावला. पेटीचा सूर आला, मग महजबीननं खोल श्वास घेतला. पहिला स्वर उमटता उमटता तुटला.

"परत लाव बाई," ताहेरा म्हणाली. दुसऱ्यांदा ऐकून ती हळूच बोलली, "आम्ही गल्लीत खेळत असलो की अम्मा दारात यिऊन असाच दम घ्यायची. मंग हाक मारायची."

तृप्ती लावत राहिली. दर वेळी तो श्वास आला की ताहेराची मान वर व्हायची, आणि मग सगळं शांत.

बद्रीनाथ खाली पाहत म्हणाला, "आपा, मीच उन्हात ठेवल्तं."

"मायेनं ठेवल्तं ना, भाऊ. अब्बानं बी मायेनंच मना केल्तं."



मित्रांनो, आता मी थंड खोलीत राहते. इथं मला कसली भीती नाही, पण माझ्याजवळ सांभाळण्यासारखं फार उरलेलंही नाही. तुमच्या घरी कुठे असा गंजका डबा सापडला, तर त्याच्यावर माया करायच्या आधी जाणत्या माणसाला विचारा. आणि तुमच्या घरात कुणी गाणारी असेल, तर आजच जवळ बसून तिला गायला सांगा. तिचं गाणं माझ्यासारखीच्या भरवशावर सोडू नका.