पितांबरची मूठ

पितांबरच्या पाठीवर कापसाची गाठ पडली, त्याला दोन हंगाम उलटले होते. नरडाण्याजवळच्या एका जिनिंगमध्ये तो हमाली करायचा. धुळ्याच्या डॉक्टरांनी कडक गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "आठवड्याच्या वर घेऊ नका." पितांबरने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं? हाड सांधलं, दुखणं बरंचसं निवलं, गोळी मात्र मुक्कामाला राहिली. ती चुकली की हात कापायचे, नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, बायकापोरांवर खेकसणं चालायचं. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानात गोळ्या मिळत होत्या, तोवर निभावलं. मग दुकानदार नवी चिठ्ठी मागायला लागला आणि पितांबर सैरभैर झाला.

त्याच सुमारास, आषाढात, त्याची आई केसरबाई ओट्यावरून घसरली. खुबा मोडला. या वयात ऑपरेशन सोसणार नाही, म्हणून डॉक्टरांनी तिला खाटेवर झोपवून ठेवलं आणि दुखण्यावर गोळ्या दिल्या. पितांबरने पुडी उघडून पाहिली. त्याच्याच गोळ्या होत्या.

माणूस वाईट नव्हता हो तो. पहिल्या दिवशी त्याने एकच घेतली. पण एकीवर कोण थांबलंय? बायकोला, वच्छलेला, बाळंतपणात नर्सबाईने दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या फडताळात उरल्या होत्या. दिसायला तशाच पांढऱ्या. त्या त्याने पुडीत भरल्या आणि आईच्या गोळ्या आपल्या खिशात घातल्या. सकाळ-संध्याकाळ तो स्वतःच्या हाताने आईला गोळी द्यायचा. शेजारपाजारचे म्हणायचे, पोरगा असावा तर असा. ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण हात काही थांबत नव्हता.

"दुखनं उतरनं का व माय?" तो विचारायचा.

"उतरनं, भाऊ," केसरबाई म्हणायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसणार होती. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी गहू मोजून घेतात. हे मोजणं वर्षानुवर्षं केसरबाईचंच. म्हणून खाटेशेजारी सूप ठेवलं. पडल्यापडल्या तिने थोरल्या लेकाची, आधारची मूठ टाकली, नातवांच्या टाकल्या. पितांबरची मूठ भरली आणि तशीच धरून ठेवली. वच्छला जात्याकडे गेली, तेव्हा केसरबाई हळूच बोलली.

"डॉक्टरनी गोळी कडू व्हती. तू देस ती चुनासारखी लागस."

पितांबरचा हात खिशावर गेला. जन्मभर तंबाखूला चुना लावलेली बाई. त्यात गोळी गिळणं तिला कधी जमलंच नाही, कोणतीही गोळी ती चावूनच खायची. हे बारक्या नातवालाही ठाऊक होतं आणि पितांबर विसरला होता.

"मंग बोलनी का नही, माय?"

"काय बोलू? तुनं दुखनं मना दुखनापेक्षा मोठं व्हई, आसं वाटनं माले." तिने मूठ सुपात सोडली. "हाई तुनी मूठ. मी तुले जित्ता धरेल शे. आते जित्ता ऱ्हाय."

खिशातल्या गोळ्या काढून त्याने तिच्या उशाशी ठेवल्या आणि तिच्या खाटेलगत घोंगडी टाकून पडला. भाऊबंद रोट खायला बसले, तेव्हा त्याच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. हाडाहाडात कळा, अंगाला कापरं, आणि घाम असा की घोंगडी पिळून घ्यावी. पुडी हातभर अंतरावर होती. कितीदा हात वर गेला, त्याचं त्याला ठाऊक. वर गेला की केसरबाई तो धरायची आणि सोडायची नाही. आपली कडू गोळी चावत ती तशीच पडून राहायची. हातात हात धरून मायलेकांना कधीतरी डोळा लागायचा.

पोळा झाला, गणपती गेले, तेव्हा कुठे त्याचे हात कापायचे थांबले. दसऱ्याच्या सुमाराला केसरबाई गेली. शेवटचे दिवस तिला खऱ्या गोळीचे मिळाले, एवढंच त्याच्या पदरात पडलं. आधीचे दिवस मात्र तिने भिंतीकडे तोंड करून एकटीने सोसले होते, आणि ते आता कुणाला परत करता येणार नव्हते.

पुढच्या श्रावणात सूप वच्छलेच्या पुढ्यात आलं. सगळ्या पुरुषांच्या मुठी टाकून झाल्या.

"मायनी एक टाक," पितांबर म्हणाला.

वच्छला गोंधळली. "बायासनी मूठ नही ऱ्हास ना. आनि त्या तं..."

त्याने वाद घातला नाही. गहू उचलले आणि स्वतःच जात्यापाशी बसला. पुरुष दळायला बसलेला पाहून गाव हसलं असतं, हसलं तर हसो. दोन-चार फेऱ्या झाल्या आणि जुन्या जागी पाठीतून कळ निघाली. डोळ्यांत पाणी आलं.

वच्छला धावत आली. "दुखस का हो?"

पितांबरने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"उतरनं," तो म्हणाला, आणि जातं ओढत राहिला.