सासूबाईंचं ‘पुढे’

रक्तदाब मोजायच्या यंत्रांचे बोर्ड ज्या टेबलावर तयार होत, तिथे एक शब्द चालायचा. सोल्डरिंग झालं, जॉइंट नीट पाहिला, की बोर्ड शेजारणीकडे सरकवायचा आणि म्हणायचं, “पुढे.” म्हणजे याची हमी माझी. हा शिरस्ता सासूबाईंनी घालून दिलेला. सगळं खातं त्यांना सासूबाईच म्हणे, कारण शेजारच्या खुर्चीवर त्यांची खरीखुरी सून बसायची. घरी तिला एक वेळ सूट मिळे, टेबलावर नाही. “अगं, हा जॉइंट आहे की चिकटवलेलं च्युइंगगम?” हे ठरलेलंच.

मग कंपनीची पुनर्रचना निघाली. मशीन आत आणि माणसं बाहेर, एवढ्यासाठी एवढा जड शब्द! टेबलावरच्या एकीलाच नव्या विभागात जागा मिळणार होती. सासूबाईंच्या मुलाचं काम आधीच सुटलेलं, घर या दोघींच्या पगारावर चाललेलं. सासूबाईंनी आपलं नाव आपणच मागे घेतलं. जागा सुनेला मिळाली की झालं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

कुणाचा हात किती चालतो ते बघायला सुपरवायझर घड्याळ घेऊन उभा राहिला. सासूबाई अडल्या की सून अडणार, हे उघड होतं. म्हणून त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. एक जॉइंट कच्चा राहिलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तरी बोर्ड सरकवला.

“पुढे.”

सुनेने बोर्ड उजेडात तिरका धरला. सुपरवायझरची नजर घड्याळावर. सासूबाईंनी टेबलाखालून तिचा पाय दाबला. घे की बाई मुकाट्याने!

“आई,” सून म्हणाली, “मागे.”

सासूबाईंना हा शब्द आजवर कुणी ऐकवला नव्हता. त्यांचे कान तापले. खाली मान घालून त्यांनी जॉइंट पुन्हा केला, चांगला चकचकीत केला आणि मगच बोर्ड दिला.

जागा दुसरीला मिळाली, जिचा हात जास्त भरभर चालला. “वरून वेगच बघायला सांगितलंय,” सुपरवायझर ओशाळून म्हणाला.

“आई, माझ्यामुळे गेली ना जागा?” सुनेने विचारलं.

“गेली ना! चांगली ठणकावून घालवलीस!” सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “ऐकलंत का गं? माझ्या तोंडावर मला मागे म्हणाली! मीच शिकवलंय तिला!” अभिमानाने सुनेला कुठे ठेवू आणि कुठे नको असं त्यांना झालं होतं.

कारखान्याच्या फाटकातून एका वेळी एकच माणूस जाई. इतकी वर्षं आधी सासूबाई, मागून सून. आज त्या थांबल्या. सुनेची हनुवटी धरून त्यांनी तिचा चेहरा उजेडाकडे तिरका केला आणि नीट न्याहाळला.

“पुढे,” सासूबाई म्हणाल्या.