रोज तेच निळं दार

मी रंग कालवायची लाकडी पाटी बोलतेय. चित्रकार मंडळी मला पॅलेट म्हणतात. आज तोंड उघडलंय ते तक्रार करायला, गोड बोलायला नाही.

एका सुताराने मला तासलं, अंगठ्यासाठी भोक पाडलं. मी जिच्या हाती आले ती चित्रकार तेव्हा नवखी होती. तिची एक सवय होती. संध्याकाळी माझ्यावर उरलेले सगळे रंग ती सुरीने खरवडून एकत्र मळायची. त्याचा राखाडी गोळा व्हायचा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नव्या रंगात त्यातला चिमूटभर टाकायची. त्यामुळे तिचा लाल काय, हिरवा काय, एकाच घरातले वाटायचे.

मग तिने एक बंद निळं दार रंगवलं. ते विकलं गेलं. गॅलरीवाले म्हणाले, "बाई, असंच अजून एक होऊ द्या." मग अजून एक. वर्षानुवर्षं दारंच! निळा रंग ट्यूबमधून थेट कॅनव्हासवर, आणि मी खुंटीला. एक भाजी आवडली म्हणून रोज तीच मागायची आणि वर तिला 'शैली' म्हणायचं, अशा माणसांचा मला संताप येतो.

शेवटी तिच्या सासूबाईंनीच टोकलं. "अगं, किती दारं काढशील? एकदा कुणाला आत तरी घे!"

ती हसली. येत्या प्रदर्शनात दार नाही, असं तिने ठरवलं. त्याऐवजी लाँड्रीतले वाफाळते कपडे, दवाखान्यातला बाक, भाजी निवडणाऱ्या सासूबाई. पण जुनं नको म्हणताना तिने मलाही नको म्हटलं. प्रत्येक चित्राला रंग कालवायला नवा कागद, नवे रंग, नवी तऱ्हा. एक ठिपक्यांचं, एक जाड थरांचं, एक नुसत्या रेघांचं.

गॅलरीवाले आले. "हे तिघांनी काढलंय का हो? दारं द्या, नाहीतर भिंती दुसऱ्याला देतो."

हा माणूस मला मुळीच आवडत नाही. पण त्याचं पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं म्हणजे निव्वळ धमकी.

ती बराच वेळ तिन्ही चित्रांसमोर बसली. मग उठून मला खुंटीवरून काढलं, माझ्यावरचे वाळलेले पापुद्रे खरवडले आणि तीच चित्रं नव्याने सुरू केली. संध्याकाळचं मळणंही. बाकाचा हिरवा लाँड्रीच्या पांढऱ्यात उतरला, तिथून सासूबाईंच्या शालीत.

"अगं, भाजी सुकली, मीही सुकतेय!"

"बसा हो आई. हात तेवढा खाली घ्या."

गॅलरीवाले पुन्हा आले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा फिरले.

"एकही दार नाही?"

"नाही."

"पण तुमचीच आहेत, हे लांबूनही कळतंय." त्यांनी डोकं खाजवलं. "लावू या."

आता माझ्या कडांना रंगाचे थर चढलेत. लोकहो, चित्रकाराकडे कालचंच चित्र मागू नका. आज त्याला काय दिसतंय ते विचारा. आज सकाळी तिने माझ्यावर कधी न पाहिलेला केशरी काढला. सुरी राखाडी गोळ्याकडे गेली आणि थांबली.

"आज नको," ती स्वतःशीच म्हणाली.

मला जराही धास्ती वाटली नाही. आता गोळा नसला तरी हात तिचाच आहे.